थांबण्याचा संकल्प



वर्षअखेरची उपासना आटोपून आपण घरी येतो, मिळालेली वचनाची चिठ्ठी पवित्र शास्त्रात जपून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी नव्या रोजनिशीच्या पहिल्या पानावर संकल्प लिहितो. पहाटे उठेन, रागावणार नाही, खर्च आवरीन, प्रार्थनेला अधिक वेळ देईन. हे संकल्प वाईट नव्हेत. परंतु एकदा मागील वर्षाचे पान उघडून पाहावे. माझ्या पानावर अकरा संकल्प होते आणि त्यांतील शेवटचा होता, 'शांत राहीन'. शांतीलाही मी अकरावे काम म्हणून यादीत बसविले होते, हे लिहिताना माझ्या ध्यानातही आले नाही.

मी भिलाईच्या नेहरू नगरात राहतो. या गावाला गती दिली ती पोलाद कारखान्याने. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले, आणि विदर्भातून कितीतरी मराठी कुटुंबे पोटापाण्यासाठी इकडे आली. आमचे त्यांपैकीच एक. ब्लास्ट फर्नेस एकदा पेटली की रात्र आहे, रविवार आहे म्हणून ती बंद करता येत नाही. ती निवाली तर आतला रस आतच गोठून बसेल. म्हणून तीन पाळ्यांत माणसे बदलतात, भट्टी मात्र चालूच राहते. लोखंडासाठी हे योग्यच आहे. पण 35 वर्षे तिच्या सोबतीने काढल्यावर मनुष्याला वाटू लागते की आपणही थांबलो तर गोठून जाऊ. मी निवृत्त झालो, तरी ती घाई माझ्यातून निवृत्त झाली नाही.

त्या अकरा संकल्पांत एक असा होता की वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचून काढावयाचे. एकूण अध्याय 1189. म्हणजे रोजचे तीन, आणि अधूनमधून चार. वडिलांची दृष्टी आता गेल्यासारखीच आहे, म्हणून रात्री जेवणानंतर त्यांच्या खाटेपाशी बसून मी मोठ्याने वाचीत असे. एके रात्री ते म्हणाले, "हळू वाच रे बाबा. तू वाचतोस की पाळी संपवतोस?"

वाचकहो, मला राग आला. इतक्या निष्ठेने वाचणाऱ्यास असे बोलावे! परंतु झोपताना आठवू लागलो, तर त्या रात्रीच्या तीन अध्यायांतले एकही वाक्य मला आठवेना.

आमच्या दुर्ग स्थानकाहून नागपूरकडे निघालेली गाडी सुमारे 30 किलोमीटरवर राजनांदगावला थांबते. आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासात या मार्गाला मोठे स्थान आहे. 1893 साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या, मग धर्माचा विषय निघाला, आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. टिळकांनी तो वाचण्याचे वचन दिले. यादी नाही, रोजनिशी नाही. एका अनोळखी सहप्रवाशाला दिलेला एक शब्द. हाती पेन्सिल घेऊन पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावयाचे, ही त्यांची रीत होती. त्याच रीतीने ते निघाले आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी, डोंगरावरील प्रवचनापाशी, अडले. तेथून त्यांचा पाय निघेना. पुढे त्यांनी सारे वाचलेच. पण त्यांना धरले ते त्या थांबण्याने.

त्या थांबण्याची किंमतही थोडीथोडकी नव्हती. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाईंचा व त्यांचा काही वर्षांचा वियोग घडला. ज्यांनी 'स्मृतिचित्रे' वाचले आहे त्यांना ते दुःख ठाऊक आहे. तेव्हा वचनापाशी थांबणारा सुखात राहतो, असे मी सांगणार नाही. शांती आणि स्वस्थता यांत आपण फार गल्लत करतो. स्वस्थता पंख्याखाली पडूनही मिळते.

प्रभूने शिष्यांना जेवायलाही सवड नाही असे पाहिले, तेव्हा त्यांना एकांती बोलावून घेतले. अशी विश्रांती हवीच. पण डोंगरावर जे प्रवचन त्याने केले, ते विश्रांती देऊन थांबत नाही. ते आपले बोट धरते आणि जेथे जायचे आपण टाळतो तेथे नेते. मत्तयाचे पाचवा, सहावा व सातवा हे अध्याय मिळून वचने अवघी 111. घाईने वाचली तर अर्ध्या तासात उरकतात. वडिलांच्या बोलण्यानंतर मी तो पाचवा अध्याय दोन-तीन वचने, दोन-तीन वचने असा वाचू लागलो, आणि 23व्या वचनाशी माझा आवाज बसला. वेदीपाशी अर्पण घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आठवते की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे. प्रभू त्याला सांगतो, अर्पण तेथेच राहू दे, आधी जाऊन भावाशी समेट कर.

हे ऐकणारे लोक गालीलातले होते आणि वेदी होती यरुशलेमेत. म्हणजे तीन-चार दिवसांची पायपीट करून पोहोचावयाचे, आणि अर्पण तसेच ठेवून तितकेच परत चालावयाचे. माझा धाकटा भाऊ नागपुरास असतो. आजोबांच्या घराच्या वाटणीवरून आम्ही नऊ वर्षे बोललो नव्हतो. या नऊ वर्षांत हे वचन मी किती वेळा वाचून पुढे गेलो असेन, देव जाणे! वडील डोळे मिटून पडले होते. "पुढे?" असे त्यांनी विचारले नाही. मीही त्या रात्री पुढे वाचले नाही.

म्हणून, प्रिय वाचकहो, या वर्षासाठी एक विनंती. संकल्पांची यादी करू नका. एकच वचन घ्या, आणि त्याने सांगितलेले केल्यावाचून पुढे सरकू नका. कोणी सहाव्या अध्यायाच्या अखेरीस थांबावे, जेथे उद्याची चिंता उद्यावर सोपविली आहे; विशेषतः ज्याच्या उशाशी रात्रभर भ्रमणध्वनी उजळत असतो त्याने. कोणी दार लावून गुप्तपणे प्रार्थना करण्याच्या वचनाशी थांबावे. आठवडा लागो, महिने लागोत. रोजनिशीत त्याची नोंद फार मोठी दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नोव्हेंबरात मी दुर्गहून गाडीत बसलो. राजनांदगाव आले तेव्हा खिडकीतून फलाटाकडे पाहिले आणि, खरे सांगायचे तर, उतरून परत फिरावेसे वाटले. नागपुरात भावाने दार उघडले. तो काही क्षण बोललाच नाही, मग आत वळून वहिनींना म्हणाला, "दादा आलाय. चहा टाक." घराचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही, अजूनही सुटलेला नाही. आम्ही चहा घेतला आणि वडिलांच्या डोळ्यांविषयी बोललो.

मी रात्री उशिरा परतलो. वडील जागेच होते.

"भेटला?"

"भेटला."

त्यांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. "मग आता 25वे वाच," ते म्हणाले.