परस्पर बदली

आडुतुरैतल्या त्या घराच्या ओट्यावर मामा पिवळी जर्सी उलटी घालून बसले होते. शिवण बाहेर, रंग आत. पाठीवरचा 8 हा आकडा कापडातून पुसट दिसत होता.

"मामा, जर्सी उलटी घातलीय तुम्ही."

"मुद्दाम घातलीय."

नोव्हेंबर 2025 चा शेवटचा आठवडा. कुंभकोणमपासून 12-13 किलोमीटरवरचं, कावेरीच्या खोऱ्यातलं हे गाव. ईशान्य मोसमी पाऊस उघडझाप करत होता आणि समोरच्या शेतात सांबा हंगामाचा भात उभा होता. मामांचं घराणं तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांच्या मागोमाग सतराव्या शतकात जी कुटुंबं इकडे आली आणि राज्य गेल्यावरही परतली नाहीत, त्यांपैकी एक. घरात मराठी बोलतात, पण हिशेब तमिळमध्ये करतात आणि चेन्नई सुपर किंग्जचा सामना लागला की ओरडतातही तमिळमध्येच. भाचा मेलबर्नला नोकरीला. तिकडे त्याला ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा नाद लागला आहे आणि कॉलिंगवूड हा क्लब त्यानं आपला मानला आहे. घरातल्या एका लग्नासाठी तो आठ दिवस आला होता.

जर्सी उलटी होण्याचं कारण 15 नोव्हेंबरचं. त्या दिवशी चेन्नईनं 8 नंबरचा रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थान रॉयल्सला दिले आणि संजू सॅमसनला घेतलं. सॅमसन आपल्या 18 कोटींसकट आला, करन 2.40 कोटींवर गेला. जडेजाचे 18 कोटी होते, ते 14 झाले.

"पगार कापून बदली," मामा म्हणाले. "सरकारी खात्यात याला शिक्षा म्हणतात."

"शिक्षा कशाला? हिशेब बघा. यंदा 14 पैकी 4 सामने जिंकले. संघ पहिल्यांदाच तळाला गेला. जडेजा 6 डिसेंबरला 37 चा होईल, सॅमसन 31 चा आहे. धोनी 44 चा. उद्या यष्टींमागे कोण उभं राहणार, हे आज ठरवायला नको?"

"हिशेब बरोबर आहे. आता 2023 ची फायनल त्यात कुठल्या रकान्यात लिहू, ते सांग."

अहमदाबादचा तो सामना मामांनी याच ओट्यावर टीव्ही आणून पाहिला होता. पावसानं एक दिवस पुढे गेलेला, मध्यरात्र उलटून रेंगाळलेला. शेवटच्या दोन चेंडूंवर 10 धावा हव्या होत्या. समोर गुजरातचा मोहित शर्मा. जडेजानं आधी षटकार मारला, मग चौकार. धोनीनं त्याला उचलून घेतलं आणि आडुतुरैत पहाटेपर्यंत फटाके वाजले.

"त्या धावांचे पैसे तेव्हाच चुकते झाले, मामा. त्या वर्षी त्याला 16 कोटी होते. धोनीपेक्षा जास्त."

"पैसे चुकते झाले. उपकाराचं काय?"

"उपकार कोणावर झाला? तुमच्यावर. मग तो तुम्ही फेडा. तुमच्या वतीनं संघानं का फेडायचा, आणि तेही त्याला कायम खेळवत ठेवून?"

मामा काही बोलले नाहीत. प्रश्न अडचणीचा होता. चाहत्याची कृतज्ञता खरी असते, पण ती फेडायला त्याच्या हातात काही नसतं. म्हणून तो क्लबला हुकूम सोडतो, की तू फेड. क्लबला मात्र पुढच्या मार्चमध्ये 11 माणसं उभी करायची असतात.

"आम्ही थांबलो नाही का संघासाठी?" मामांनी दुसरी वाट धरली. "2016, 2017 अशी दोन वर्षं संघच नव्हता. सट्टेबाजीच्या प्रकरणात बंदी. आम्ही दुसरा रंग घातला? 2018 ला परत आले, तर कावेरीच्या पाण्याचं आंदोलन पेटलं. या खोऱ्यातली माणसं आम्ही. आम्हीच म्हणालो, आधी पाणी, मग क्रिकेट. सामने पुण्याला गेले. चेन्नईहून चाहत्यांना घेऊन खास आगगाडी निघाली, व्हिसल पोडू एक्स्प्रेस. त्या दिवशी समोर कोण होतं, ठाऊक आहे? राजस्थानच."

"मामा, तुम्ही थांबलात कारण तुम्हाला दुसरीकडे जाताच येत नव्हतं. चाहत्याची बदली होत नाही. खेळाडूची होते. तुमची फूटपट्टी त्याला लावू नका."

तेवढ्यात मामी कॉफी घेऊन आल्या. कुंभकोणमची डिग्री कॉफी, पितळी पेल्यांतून. मामी 30 वर्षं सरकारी शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याला विचारलं होतं का?"

"नियमच आहे, मामी. खेळाडूची संमती लागते. अमेरिकेतल्या बास्केटबॉलसारखं नाही, तिथं बहुतेकांना विचारतही नाहीत. आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्येही खेळाडूनं हो म्हटल्याशिवाय बदल होत नाही."

"हो म्हटल्याशिवाय, की सही केल्याशिवाय?"

भाचा हसला, आणि मग त्याला आपल्याच क्लबची गोष्ट सांगावी लागली. 2020 च्या शेवटी कॉलिंगवूडची पगाराची मर्यादा भरत आली होती. अ‍ॅडम ट्रेलोरचा करार अजून बरीच वर्षं शिल्लक होता. त्याला क्लब सोडायचा नव्हता, आणि हे त्यानं उघड सांगितलंही होतं. तरी त्याला पटवून वेस्टर्न बुलडॉग्जकडे पाठवलं गेलं. कागदावर त्याची संमती आहे. 2023 मध्ये कॉलिंगवूड विजेता झाला आणि स्टेडियममध्ये भाचा नाचला.

"नाचताना त्याची आठवण झाली?" मामींनी विचारलं.

"नाही," भाच्यानं कबूल केलं.

मामींनी मग आपली गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला त्यांची शाळा घरापासून लांब होती. तिकडच्या एका बाईंना नेमकी इकडची शाळा अडचणीची होती. दोघींनी मिळून परस्पर बदलीचा अर्ज केला, खात्यानं शिक्का मारला. "अदलाबदलच झाली," मामी म्हणाल्या. "पण अर्ज आमचा होता. साहेबांनी आम्हाला बोलावून, तुम्ही एकमेकींच्या जागी जा, असं सांगितलं नव्हतं. कागद दोन्हीकडे सारखाच दिसतो. सुरुवात कोणी केली, ते बघायचं."

मामा सरसावून बसले. त्यांच्या हातात आता खरा मुद्दा आला होता.

"सुरुवात कोणी केली म्हणतेस ना? मग 2010 आठव. जडेजा तेव्हा राजस्थानचा होता, 2008 ची पहिली आयपीएल त्यांच्याकडून जिंकलेला पोरगा. त्यानं राजस्थानची मोकळीक न घेता दुसऱ्या संघाशी बोलणी केली, म्हणून अख्ख्या मोसमाची बंदी घातली त्याच्यावर. आता 2025. संघ एकमेकांशी बोलतात, भाव ठरवतात, मग खेळाडूला कळवतात. याला म्हणायचं डावपेच. त्यानं केलं तर गुन्हा, यांनी केलं तर धोरण."

भाच्याला हा दाखला खोडता आला नाही. उलट त्यानं त्यात भर घातली. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये 2012 पासून एक वाट आहे. एका क्लबकडे आठ मोसम काढले आणि करार संपला, की खेळाडू स्वतः नवा क्लब शोधू शकतो. 2013 मध्ये हॉथॉर्नचा लान्स फ्रँकलिन असाच सिडनीला गेला, नऊ वर्षांच्या आणि एक कोटी डॉलरच्या करारावर. हॉथॉर्नचे चाहते चिडले, पण त्याला कोणी गुन्हेगार ठरवलं नाही. आयपीएलमध्ये अशी वाट नाही. करार संपलेला खेळाडू लिलावात जातो आणि तिथं जो जास्त बोली लावेल, त्याच्या गावाला जातो. जडेजा 2012 मध्ये चेन्नईला आला तोही असाच, 20 लाख डॉलरच्या बोलीवर. बारा मोसम तो जिथला होता, ते गाव त्यानं निवडलेलं नव्हतं.

"पण मामा, यात अजून एक गाठ आहे. सॅमसनला राजस्थान सोडायचं होतं. ऑगस्टपासून छापून येत होतं. 2013 पासून, दिल्लीची दोन वर्षं सोडली तर, तो तिथंच होता. 2021 पासून कर्णधार. म्हणजे या व्यवहारात एका माणसानं खरोखरच अर्ज केला होता. तुम्ही म्हणता तसं खेळाडूचं ऐकलं, म्हणूनच जडेजा गेला."

पाऊस पुन्हा सुरू झाला. मामींनी पेले आत सरकवले.

"म्हणजे एकाची इच्छा पुरी करायला दुसरा सुट्या पैशांसारखा वापरला," त्या म्हणाल्या. "आणि 18 ला 14 कमी पडले, म्हणून वर तो करन. त्याचं तर नावसुद्धा घेत नाही कोणी तुमच्यात."

ओट्यावर पहिल्यांदाच सगळे गप्प झाले. अदलाबदलीत दोन्हीकडची माणसं सारख्या वजनाची दिसतात, कारण ती एका ओळीत छापलेली असतात. प्रत्यक्षात एकजण निघालेला असतो आणि दुसरा त्याची किंमत असतो. चेन्नईनं जडेजाशी बोलूनच निर्णय घेतल्याचं सांगितलं, आणि तसं झालंही असेल. पण संघाला आपण नकोसे झालो आहोत हे कळल्यावर दिलेला होकार आणि मामींनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेला अर्ज, यांना एकच शब्द वापरणं कठीण आहे.

"बरं, हा चेट्टा तरी आपला होईल का?" मामांनी विचारलं. केरळात सॅमसनला या नावानं हाक मारतात, थोरला भाऊ या अर्थानं.

"आपला म्हणजे कोण, मामा? कर्णधार ऋतुराज पुण्याचा. शिवम दुबे मुंबईचा. यंदा 17 व्या वर्षी बंगळूरुविरुद्ध 94 धावा काढणारा आयुष म्हात्रेही तिकडचाच. धोनी रांचीचा. चेन्नईच्या संघात तमिळ किती, म्हणून इथंच भांडणं होतात. आणि आपण तरी कुठले?"

मामा भात संशोधन केंद्रात शेतावरचे मदतनीस होते. 1922 पासून चालत आलेलं ते केंद्र म्हणजे आडुतुरैची ओळख. त्यांनी उत्तर तिथूनच आणलं. "साठच्या दशकात इथं ए.डी.टी. 27 निघाला. अर्धा जपानी, नोरिन 10. अर्धा आपला, जी.ई.बी. 24. खोऱ्यात सगळीकडे पसरला. नाव काय पडलं? आडुतुरै. पण बियाणं नवं आलं की शेतकरी आधी दोन हंगाम बघतो. आल्या दिवशी आरती ओवाळत नाही."

"मग सॅमसनलाही दोन हंगाम द्या."

"देईन. पण जडेजाचं काय करू?"

यावर मामींनी माधवरावांचं नाव काढलं. सर टी. माधवराव, 1828 साली कुंभकोणमात जन्मलेले तंजावरी मराठी. त्रावणकोरचे दिवाण झाले, महाराजांशी बिनसल्यावर 1872 मध्ये ते पद सोडलं. मग होळकरांच्या इंदूरला, आणि 1875 मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर बडोद्याला. तीन दरबार, तिन्हींकडे बोलावून नेलेला माणूस. "आजच्या भाषेत सगळ्या संघांच्या यादीतलं पहिलं नाव. तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे. चौकाचं नावच स्टॅच्यू जंक्शन. ते तिथून निघून गेले, दुसऱ्यांची चाकरी केली, तरी पुतळा आहे. संजू सॅमसन त्याच गावचा ना? तो तिकडून इकडे आला. आपले माधवराव इकडून तिकडे गेले."

भाच्यानं त्यांच्या बोलण्यात आपला जुना प्रश्न ओळखला. उपकार ज्यांच्यावर झाला, त्यांनी फेडायचा. दरबार दिवाण बदलतो, क्लब खेळाडू बदलतो. आठवण ठेवणं हे काम गावाचं.

"मुंबईकरांनी काय केलं ते आठवा," तो म्हणाला. नोव्हेंबर 2023 मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबई इंडियन्सकडे आला, रोहित शर्माचं कर्णधारपद त्याला दिलं गेलं, आणि 2024 च्या मोसमात वानखेडेवर आपल्याच चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. बदलीचा निर्णय व्यवस्थापनाचा, शिव्या खेळाडूला. 29 जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाचं शेवटचं षटक त्यानं टाकलं, भारत जिंकला. 4 जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला.

"म्हणजे जिंकून दिल्यावर माफ," मामी म्हणाल्या. "हरला असता तर?"

उत्तर कोणी दिलं नाही. मामांनी मात्र आपल्यापुरतं ठरवलं. जडेजा राजस्थानच्या गुलाबी कपड्यात चेपॉकला येईल, त्या दिवशी तिकीट काढायचं, तो फलंदाजीला येताना उभं राहायचं, आणि त्यानं पहिला षटकार मारला की मग शिव्या द्यायच्या. संघाला त्यांनी माफ केलं नाही. संघाला आपण नकोसे झालो हे खेळाडूला कळण्याआधी त्याला स्वतः बाहेर पडायची मोकळीक असायला हवी, आठ वर्षांनी असो की दहा, एवढी त्यांची मागणी शिल्लक राहिली. भाच्याचीही तीच होती.

16 डिसेंबरला अबू धाबीत लिलाव झाला. चेन्नईनं अमेठीच्या प्रशांत वीरला घेतलं. वय 20, डावखुरा फिरकी गोलंदाज आणि फलंदाज, भारताकडून अजून एकही सामना न खेळलेला. त्याची मूळ किंमत 30 लाख होती. बोली थांबली 14 कोटी 20 लाखांवर, जडेजाच्या नव्या पगारापेक्षा 20 लाखांनी वर.