तळे कोणाचे?

पाणथळ जागांच्या रक्षणाविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यात ‘लोकसहभाग’ हा शब्द हटकून येतो. शब्द गोड आहे. परंतु ज्यांचा सहभाग मागायचा त्यांचा त्या पाण्यावर हक्क कोणता, हा प्रश्न त्याच्या आड दडून राहतो. हक्क काढून घेतल्यावर कर्तव्याची अपेक्षा करणे न्याय्य आहे काय?

पांढुर्णा-सौंसरच्या जुन्या मराठी घराण्यांना हा प्रश्न परका नाही. १९५६ पर्यंत आपला मुलूख भंडारा-चांद्याबरोबर एकाच प्रांतात होता आणि राजधानी नागपूर होती. त्या वैनगंगेच्या खोऱ्यात कोहळी समाजाने गोंड राजांच्या आश्रयाने तळी बांधली. पुढे ती ‘मालगुजारी तलाव’ या नावाने ओळखली गेली. पावसाळ्यापूर्वी पाळ दुरुस्त करणे, गाळ उपसून शेतात टाकणे, सांडव्यावर नजर ठेवणे ही कामे गावाची होती. कारण पाणी, मासे आणि गुरांचे पिणे हा निस्तारही गावाचाच होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तळी सरकारजमा झाली. आपल्याकडे १९५९ च्या भू-राजस्व संहितेतील कलम २५१ ने तेच पक्के केले.

मालकी गेली याची हळहळ नको. मालगुजाराच्या पाळीत वेठीचा घाम मुरलेला होता, हे आपल्यातील काही घराण्यांनी आधी मान्य केलेले बरे. वाईट घडले ते निराळेच. निस्तार कागदावर उरला आणि देखभाल मात्र कोणाचीच उरली नाही. पाळी खचल्या, पात्रे गाळाने व बेशरमाच्या झुडपांनी भरली.

आता शासनाचे धोरण पाहा. भारत १९८२ मध्ये ज्या रामसर करारात सामील झाला, त्याच्या व्याख्येत मानवनिर्मित पाणथळीही येतात. उलट २०१७ च्या केंद्रीय नियमांनी सिंचनासाठी व पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळले. म्हणजे माणसाने हाताने घडविले आणि शतकानुशतके वापरले, हाच त्या तळ्याचा दोष ठरला! पाणपक्ष्यांना हा भेद ठाऊक नसावा.

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव परिसरात ढिवरांनी वेगळी वाट दाखविली. कटला-रोहूचे बीज सोडून भागत नाही, देशी माशांना पाणवनस्पती लागतात, हे त्यांना पिढीजात ठाऊक होते. त्यांनी बेशरम उपटला, उन्हाळ्यात तळाची जमीन नांगरली, वनस्पती लावल्या. त्या कामात स्त्रियाही पुढे होत्या. हे त्यांनी पर्यावरणप्रेमाने केले असे म्हणणे म्हणजे त्यांच्यावर आपले शब्द लादणे होय. मासेमारीचा हक्क त्यांच्या संस्थांकडे होता, म्हणून श्रम करण्यात अर्थ होता.

तरीही ‘गाव’ हा शब्द निर्मळ समजू नये. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ मध्ये सर्वांस खुले केल्याचा ठराव केला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना तेथे सत्याग्रह करावा लागला, आणि न्यायालयीन निकाल १९३७ साली लागला. परंपरेने तळे राखले, पण माणसे वगळून राखले. सरकारी मालकीने निदान कागदावर तरी सर्वांना सारखे केले. म्हणून हक्क परत द्यायचा तो जुन्याच हातांत देऊन चालणार नाही.

आपल्याकडे संत्र्याच्या बागांनी विहिरींचे पाणी खोल नेले आहे. शेजारचे तळे बुजले तर विहीर कशाने भरणार? २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. गावच्या सिंचनाच्या व मासेमारीच्या रूढी नोंदविणारा वाजिब-उल-अर्ज संहितेच्या कलम २४२ मध्ये आहे. तो नव्याने लिहिण्याची मागणी ग्रामसभांनी करावी. जबाब घेताना ढिवरांचा, पाणी भरणाऱ्या बायकांचा, आणि ज्यांच्या आजोबांना घाटावर उतरू दिले जात नव्हते त्यांचा आधी घ्यावा. वाड्यांचा मागून घेतला तरी चालेल.