क्षमा आणि नोंदवही

एखाद्याला क्षमा केली म्हणजे झालेल्या चुकीविषयी पुन्हा तोंड उघडायचेच नाही काय? क्षमा करणाऱ्याने पुढे कधी ती चूक दुरुस्त करून मागितली, तर त्याची क्षमा अपुरी होती असे ठरते काय? हा प्रश्न घरात उठतो, मंडळीत उठतो, मुलांच्या वर्गातही उठतो. त्याचा विचार करताना मला बेसबॉलच्या खेळातील एका फारशा नाव नसलेल्या खेळाडूची हकिकत आठवते.

त्याचे नाव आर्मांडो गालारागा. जन्म १९८२ चा, गाव व्हेनेझुएला देशातील कुमाना. अमेरिकेच्या सर्वांत वरच्या बेसबॉल स्पर्धेत तो २००७ ते २०१२ पर्यंत पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून खेळला. त्याच्या खात्यावर २६ विजय आणि ३४ पराभव आहेत. एवढ्यावर कोणी त्याची आठवण ठेवली नसती. पण २ जून २०१० या एका संध्याकाळीमुळे त्याचे नाव राहिले.

बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळत नाहीत, म्हणून थोडे सांगतो. फलंदाजाने चेंडू टोलवून पहिल्या बेसकडे धावायचे. चेंडू त्याच्या आधी तेथे पोहोचला तर तो बाद. एका डावात तीन गडी, असे नऊ डाव, म्हणजे एकूण २७ गडी बाद करायचे. प्रतिपक्षाच्या एकाही गड्याला पहिल्या बेसवर पोहोचू न देता ओळीने २७ जण बाद झाले, तर त्या सामन्याला ‘परफेक्ट गेम’, म्हणजे परिपूर्ण सामना, म्हणतात. १८८० पासून त्या दिवसापर्यंत असे केवळ २० सामने झाले होते.

त्या संध्याकाळी डेट्रॉइटच्या मैदानावर गालारागाने क्लीव्हलंडच्या संघाचे २६ गडी ओळीने बाद केले. सत्ताविसावा गडी जेसन डोनाल्ड. त्याने चेंडू जमिनीलगत टोलवला. मिगेल काब्रेरा याने तो अडवून फेकला. गालारागा स्वतः धावत बेसवर आला, चेंडू झेलला आणि बेसवर पाय ठेवला. डोनाल्ड अजून एक पाऊल मागे होता. परंतु पंच जिम जॉइस यांनी दोन्ही हात पसरून तो नाबाद असल्याची खूण केली.

मैदानावर गदारोळ उठला. गालारागाने मात्र पंचांकडे पाहून फक्त स्मित केले, परत आपल्या जागी गेला आणि पुढच्या गड्याला बाद केले. सामना त्याच्या संघाने ३–० असा जिंकला. इतिहासात नोंद व्हायची ती मात्र झाली नाही.

जॉइस हे वीस वर्षांहून अधिक अनुभवाचे, खेळाडूंच्या आदरातले पंच होते. सामना संपताच त्यांनी चित्रफीत पाहिली. पुढे त्यांनी जे केले ते फार थोड्यांना जमते. उजेड कमी होता, कोन अवघड होता, असे काही ते म्हणाले नाहीत. आपण या मुलाचा परिपूर्ण सामना हिरावून घेतला, अशी सरळ कबुली त्यांनी वार्ताहरांपुढे दिली आणि गालारागाला भेटून डोळ्यांत पाणी आणून क्षमा मागितली. गालारागाने त्यांना मिठी मारली. परिपूर्ण कोणीच नसतो, असे तो पत्रकारांना म्हणाला. दुसऱ्या दिवशी जॉइस यांनी पुन्हा त्याच मैदानावर उभे राहायचे होते. सुट्टी घेण्याची मोकळीक असूनही ते आले. संघातील खेळाडूंची यादी पंचांच्या हाती देण्यासाठी गालारागालाच पाठवण्यात आले. जॉइस डोळे पुसत होते आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत होते.

बहुतेक जण ही गोष्ट येथेच संपवतात. मला वाटते खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो.

स्पर्धेचे प्रमुख बड सेलिग यांनी पंचांचा निर्णय फिरवला नाही. त्यामागे विचार नव्हता असे नाही. आज एक निर्णय बदलला, तर मागचे शेकडो निर्णय दारात उभे राहतील. आणि पंचाचा शब्द अखेरचा नसेल तर खेळ चालायचा कसा? हा युक्तिवाद हलका नाही. पुढे २०१४ पासून असे निर्णय चित्रफितीवर तपासून बदलण्याची व्यवस्था झाली. म्हणजे चुकीतून नियम सुधारला, पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याची नोंद होती तशीच राहिली.

आणि दहा वर्षांनी, २०२० मध्ये, गालारागाने उघडपणे म्हटले की तो सामना परिपूर्ण म्हणून मान्य व्हावा. तेव्हा कोणी म्हणेल, “हा तर क्षमा करून मोकळा झाला होता ना? मग हे उकरणे कशाला?”

मला हा आक्षेप मान्य नाही. क्षमा ही माणसाला करायची असते. तुझ्यावर माझा राग नाही, तुझी एक चूक म्हणजे तू नव्हेस, हे तिचे सांगणे. (जॉइस यांच्याबाबत ते किती खरे! २०१२ मध्ये त्यांनी एका मैदानावर कोसळलेल्या कर्मचारी स्त्रीची छाती दाबून तिचा प्राण वाचवला.) नोंद ही मात्र सत्याची बाब आहे. डोनाल्ड बाद होता. तो बाद होता असे म्हटल्याने जॉइस यांचा अपमान होत नाही. ते तर स्वतःच पहिल्या रात्रीपासून तेच सांगत आले. क्षमा मिळालेला माणूस सत्याला भीत नाही. भीती राहते ती लपवणाऱ्याला.

आपण मात्र पुष्कळदा उलटे करतो. ज्याला दुखावले त्यालाच म्हणतो, “तू क्षमा केलीस ना, मग आता गप्प बैस.” अशाने क्षमेचे झाकण होते आणि त्याखाली चूक जशीच्या तशी राहते. भावाच्या वाट्यातले शेत चुकून आपल्या नावे लागले, तर “दादा, चुकलो” म्हणून गळ्यात पडणे चांगलेच. पण नंतर तलाठ्याकडे जाऊन नाव दुरुस्त करणेही त्याच पश्चात्तापाचा भाग आहे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. पाठांतराच्या स्पर्धेत आपल्याकडून एखाद्या मुलाचे गुण चुकले, तर त्याची समजूत घालून थांबू नका. वर्गासमोर सांगा आणि वहीतला आकडाही बदला. ज्यांची क्षमा मागायची त्यांनी आपल्याला मिठी मारली, म्हणून हातातली लेखणी खाली ठेवायची नसते.