दोन गाढवं, एक कोरा कागद

एचिंगमध्ये उजेड काढता येत नाही, तो राखावा लागतो. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेघा ओढून तांबं उघडं करायचं, मग पत्रा आम्लात सोडायचा. आम्लाने खाल्लेल्या खाचेत शाई बसते आणि छापताना ती कागदावर उतरते. सुई जिथे फिरलीच नाही तिथे कागद कोरा राहतो आणि डोळ्यांना तोच उजेड वाटतो.

श्रद्धेच्या चित्रांत या उजेडाला कृपा मानायची जुनी रीत आहे. मग ती कुणावर उतरावी, हे ठरवायचं कुणी?

व्हेनिसच्या डोमेनिको टिएपोलोने १७५३ साली मिसर देशाकडे पळून जाणाऱ्या मरीया, योसेफ आणि बाळ येशूची २७ एचिंगांची मालिका काढली. मत्तयाच्या शुभवर्तमानात हा प्रवास जेमतेम तीन वचनांत आटोपतो, आणि योसेफ निघतो तोही रात्री. डोमेनिकोच्या छापांत मात्र ऊन आहे. रेघा थरथरत्या, तुटक. त्यांच्यामध्ये मोकळी जागा भरपूर. गाढवाची केसाळ पाठ आखूड फटकाऱ्यांतून उभी राहते.

१७६२ मध्ये टिएपोलो पितापुत्र माद्रिदला आले. तरुण स्पॅनिश चित्रकार गोयाच्या पहिल्या एचिंगांत त्यांची रेघ ओळखू येते.

आणि मग गोयाच्याच १७९९ मधल्या ‘लॉस काप्रिचोस’ या एचिंगमालिकेतलं २४वं चित्र. इथेही गाढवावर एक बाई आहे, पण ही धिंड आहे. इन्क्विझिशनने, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालयाने, दोषी ठरवलेली ती बाई कमरेपर्यंत उघडी. डोक्यावर निमुळती कागदी टोपी. मान खाली घालता येऊ नये म्हणून गळ्याशी अडकवलेला आकडा. लाजेने खाली बघण्याची मुभासुद्धा काढून घेतलेली! भोवती बघ्यांची गर्दी. इथे गोया नुसत्या रेघेवर थांबत नाही. राळेची पूड पत्र्यावर वितळवली की कणांच्या फटींतून आम्ल शिरतं आणि रेघ नसलेला, दाणेदार करडा पोत तयार होतो. त्या करड्यात गर्दी बुडते. बाईचं अंग उजळ राहतं.

ही निव्वळ रचनेची सोय म्हणून सोडून देता येत नाही. धर्मसत्तेने जिला कृपेबाहेर काढलं, तिच्याच अंगावर चित्रकाराने कागद राखला आहे, आणि तोही इन्क्विझिशन अजून हयात असताना. स्पेनमध्ये ते कायमचं बंद झालं १८३४ साली.

मरीयेवर ऊन का, हे पाहणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. या बाईचं नाव चित्रात नाही, गुन्हाही नाही. खाली फक्त तीन स्पॅनिश शब्द आहेत: ‘नो उबो रेमेदिओ’, इलाज नव्हता.