शंभरांतले सत्तर शब्द

'दिवा' म्हटले की कोणाला वात आठवते, कोणाला तेल. एका शब्दाने दुसऱ्याला हाक मारावी, इतकी ही साधी गोष्ट. पण ऑयगेन ब्लॉयलर या स्विस वैद्याने १९०८ साली 'स्किझोफ्रेनिया' हे नाव योजले, ते तिच्याकडे बोट दाखवूनच. आपण त्याला छिन्नमनस्कता म्हणतो. एका देहात दोन माणसे नांदतात, हा त्या नावापायी पसरलेला समज मात्र खुळा आहे. विचाराला विचार बांधणारे धागे सैल होतात, एवढेच ब्लॉयलरचे म्हणणे. मग दिव्यावरून दिवाळे, दिवाळ्यावरून सावकार, असे मन नादाच्या मागे धावत सुटते.

आमच्या टेंभुर्णीच्या शाळेत मी मुलांना 'ऊस' हा शब्द दिला. साखर, गूळ, कोयता, कारखाना आलेच. एका मुलीने लिहिले, 'आई'. वर्गात हशा पिकला. तिची आई तोडणीच्या टोळीत आहे हे कळले, तेव्हा दोन शब्दांमधली वाट सर्वांना दिसली.

पण ज्याला आपली वाट सांगताच येत नाही, त्याचे काय?

१९१० साली अमेरिकेत केंट आणि रोझानॉफ यांनी शंभर शब्द एक हजार निरोगी माणसांपुढे आणि २४७ मनोरुग्णांपुढे ठेवले. कोणालाच न सुचलेली उत्तरे निरोग्यांत शेकडा सात, रुग्णांत सत्तावीस. सगळे या सत्ताविसांकडे पाहतात. मला राहून राहून उरलेल्यांचे नवल वाटते. शंभरांपैकी सत्तर शब्दांना ही माणसे तुमच्याआमच्यासारखेच उत्तर देत होती!

आम्ही लेखक मंडळी वेडाचे फार कौतुक करतो. ते मला पटत नाही. कवी रानात शिरतो तो संध्याकाळी घरी परततो. रुग्णाला परतीची वाट सापडत नाही. त्याला देवऋषी नको, डॉक्टर हवा, औषध हवे. पण औषध देणे डॉक्टरांचे काम, ऐकणे कोणाचे?

आमच्या एसटी स्टँडवर एक गृहस्थ दिवसभर बोलत असतात. कशाला कशाचा मेळ नसतो. लोक बाक सोडून उठतात. चहावाला तेवढा कप भरताना विचारतो, "साखर?"

"कमी," ते म्हणतात. "काल जास्त झाली होती."