चावून खा



हिवाळ्यात एसटी स्टँडवर पेरूवाला हमखास दिसतो. पेरूला उभे काप देतो, पण फोडी सुट्या करत नाही. मध्ये तिखटमीठ भरतो आणि आपल्या हातावर ठेवतो. हा पेरू घाईत गिळता येत नाही. तो चावूनच खावा लागतो.

चावून खा. घरोघरच्या आज्यांचा हा धोशा. त्यांना काळजी पोटाची. पण दातांचंही त्यात भलं होतं. चावताना लाळ सुटते. ती तोंडातलं आम्ल सौम्य करते, अन्नाचे कण धुऊन नेते, दातांना कॅल्शियम परत देते. पेरू-आवळ्यातलं क जीवनसत्त्व हिरड्यांना बळ देतं. मऊ बिस्किटाचं तसं नाही. ते दाढेच्या खाचेत चिकटून बसतं आणि जंतूंचं फावतं.

पण आपल्याला हल्ली सगळंच मऊ हवं असतं. फळ नको, रस द्या. पुस्तक नको, सारांश सांगा. समोरच्याचं म्हणणं अर्धवट ऐकायचं आणि उत्तर ठोकून द्यायचं. जे आपण स्वतः चावत नाही, ते अंगी लागत नाही. चावून खा, हे काही ताटापुरतंच नाही.

दात दुखत असतील, तर मात्र हट्ट नको. आधी दंतवैद्य गाठा. तोवर पिकल्या पेरूची कोशिंबीर आहेच. बाकीच्यांनी आज डब्यात गाजर, काकडी जरूर घ्या. आणि हो, आवळा खाल्ल्यावर चूळ भरा, पण लगेच ब्रश करू नका. आंबटानं दातांचा वरचा थर थोडा वेळ हळवा झालेला असतो.