लेण्यातील पोढी आणि आपली मुले



पौर्णिमेला आपल्या घरी मंगलसुत्त म्हटले जाते. तथागतांनी त्यात जी मंगले सांगितली, त्यांत कृतज्ञता हे एक मंगल आहे. ज्यांनी आपले भले केले त्यांची आठवण ठेवणे, हे मंगल! नवस नव्हे, मुहूर्त नव्हे, अंगारा नव्हे. आज याच एका मंगलाविषयी तुमच्याशी बोलायचे आहे. कारण आपल्या मुलांच्या बाबतीत आपण त्यात उणे पडत आहोत.

तुमचा मुलगा शाळेच्या सहलीला लेण्यावर जातो. तेथे कोणीतरी सांगते, "ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली." मुलगा निमूट ऐकतो. घरी येऊन विचारतो, "बाबा, मग आपला इतिहास कोणता?" बाप म्हणतो, "आपला इतिहास १९५६ पासून."

हे उत्तर अपुरे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्याला नवा जन्म मिळाला, हे खरेच. परंतु पूज्य बाबासाहेबांनी आपल्या हाती दिलेला धम्म परका नव्हता. तो याच मातीतला, सह्याद्रीच्या कातळात कोरलेला होता. आपण त्याच्या पायथ्याशी राहत होतो आणि आपल्याला तो वाचता येत नव्हता, एवढेच.

लेणी कोणी कोरविली हे भिंतीच कितीदा सांगतात. त्यांवरील ब्राह्मी लिपी विसरली गेली होती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली आणि मुके दगड बोलू लागले. काय बोलले ते दगड? राजेरजवाड्यांची नावे तर आहेतच. पण नाशिकला मुगुदास नावाच्या कोळ्याने सहकुटुंब लेणे दान दिले. जुन्नरला धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिली. कान्हेरीला कल्याणच्या एका लोहाराने वाट करून दिली. कुड्याला माळ्याचे दान आहे. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची नावे आहेत, आणि दाराशी सामी नावाच्या सुताराचे. ठिकठिकाणी भिक्खुणींची आणि उपासिकांची दाने आहेत. कोळी, लोहार, सुतार, माळी, स्त्रिया, परदेशी! चैत्याच्या भिंतीवर सर्वांच्या नावाला जागा मिळाली.

ही माणसे आपलेच पूर्वज होती काय, हे शोधत बसू नका. जन्मावरून मोठेपण मोजण्याची रीत आपण टाकून दिली आहे. ती इतिहासाच्या मागच्या दाराने पुन्हा घरात घेऊ नका. त्यांचे दान आपल्यापर्यंत पोहोचले, म्हणून आपण कृतज्ञ. नाते एवढेच, आणि तेवढे पुरेसे आहे.

आता त्या पोढीकडे पाहा. लेण्याच्या दाराशी कातळात खोदलेले पाण्याचे टाके म्हणजे पोढी. तहानलेल्याला पाणी मिळावे म्हणून कष्टाची कमाई त्यात ओतलेली. त्याच भूमीवर पुढे काय झाले? १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. १९३४ साली ते सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी, रस्त्याची धूळ धुण्यासाठी त्यांनी टाक्याचे पाणी घेतले, तर पाणी बाटले म्हणून आरडाओरडा झाला. पुढे किल्ला पाहू दिला, पण पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन! वारसा पाहायला निघालेल्या विद्वानाला वारशाच्या दारात ही वागणूक. आपल्या मुलांना पोढी दाखवा आणि ही हकीकत सांगा. समता या देशात होती, ती गमावली गेली, आणि ती परत मिळवावी लागली, हा इतिहास त्यांना एका टाक्याच्या काठावर समजेल.

हा वारसा केवळ बौद्धांचा नाही, राष्ट्राचा आहे. सारनाथचे सिंह भारताची राजमुद्रा झाले. अशोकाचे धम्मचक्र १९४७ साली राष्ट्रध्वजावर आले. संविधानाच्या ४९व्या कलमाने स्मारकांचे रक्षण राज्यावर सोपविले आहे, आणि १९७६ साली जोडलेल्या ५१ क कलमाने वारसा जपणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे.

आणि आपण काय करतो? एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी अजिंठ्यात शिरला आणि दहाव्या लेण्यातील चित्रावर स्वतःचे नाव कोरून आला. त्याला आपण नावे ठेवतो. मग आपली पोरे खिळ्याने भिंतीवर नाव कोरतात, ते काय? आपल्यापैकी काहीजण श्रद्धेपोटी स्तूपावर मेणबत्त्या लावतात, मेण ओघळते, काजळी धरते. बांधवांनो, ही पूजा नव्हे, ही हानी आहे. जे दिलेले नाही ते घेऊ नये, असे दुसरे शील सांगते. पुढच्या पिढीची वस्तू नासविणे म्हणजे तिच्याजवळून ती हिरावून घेणेच होय. काहीजण तर लेण्यात नवस बोलू लागले आहेत. बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण जे बाहेर टाकले, ते बुद्धाच्या दारात पुन्हा आणायचे काय?

तेव्हा एवढे करा. येत्या सुटीत मुलांना जवळच्या लेण्यावर न्या. जाण्यापूर्वी एखादा शिलालेख पुस्तकातून समजून घ्या आणि तोच भिंतीवर शोधा. विहारात आठवड्याला एक तास ब्राह्मी अक्षरे शिकवा. मुले चार-सहा आठवड्यांत नावे वाचू लागतील. लेण्यात वंदना हात जोडून, शांतपणे करा. दिवा घरी लावा. परतताना इतरांनी टाकलेला कचराही पिशवीत घेऊन या.

मग कोणी पांडवांची गोष्ट सांगितली, तर तुमची मुलगी भांडणार नाही. ती भिंतीवरील अक्षरांवर नजर ठेवून म्हणेल, "गुरुजी, येथे लिहिले आहे, मी वाचून दाखवू?" ज्यांना अक्षर नाकारले होते, त्यांच्या लेकीने दोन हजार वर्षांपूर्वीचे अक्षर वाचावे, याहून मोठी कृतज्ञता कोणती?

सर्वांचे कल्याण होवो. जय भीम!